उधव्याच्या विरोधात पडलेले सातवे मत

मी, नविन चिमण सावे, वय वर्षे सहासष्ट, पूर्वी महाविद्यालयात क्रीडाशिक्षक, हल्ली चिकूची वाडी पाहणारा, राहणार आशागड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. कोणी मला भरीला घातलेले नाही. पुढच्या आठवड्यात वापीला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई. डॉ. भावेश यांनी आज सकाळी मला तारीख, वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनदा चुकलो. गणितात मी पहिल्यापासून कच्चा आहे हे त्यांना ठाऊक असल्याने डोके ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांनी दिला. तो सोबत जोडला आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

वकील दक्षाताईंनी सल्ला दिला की मृत्युपत्रात वाटणी लिहायची असते, आयुष्य नाही. त्यांचे बरोबर आहे. पण माझ्या वाटणीतले एक कलम का लिहिले, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. म्हणून त्यांनी रागावू नये.

१. आशागडचे राहते घर मुलगा धनेश व मुलगी रुचिका यांचे निम्मे-निम्मे. धनेश सुरतेला असतो. त्याने बहिणीला विचारल्याशिवाय घर विकू नये. नरपडची चिकूची वाडी धनेशची. वाडीच्या पश्चिमेची तीन झाडे खरे म्हणजे आपली आहेत. माझा चुलतभाऊ मनिष याने, मी पालघरला प्रशिक्षणाला गेलो असताना, कुंपण सरकवले. अठरा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. धनेशने त्यावरून भांडण काढू नये, झाडे मनिषकडेच राहू द्यावीत. त्या भांडणात मी खरा होतो, एवढे मला पुरे आहे. पुढे जे लिहितो त्यात तेही नाही.

२. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी. माझी दिवंगत पत्नी भारती हिचे दागिने रुचिकाचे. तशी भारतीचीच इच्छा होती.

३. हे कलम सामन्याविषयी आहे.

१९९१ पासून आमचे समुद्रकाठ महाविद्यालय, आशागड आणि तलासरी तालुक्यातले डोंगरवाट महाविद्यालय, उधवा यांच्यात संक्रांतीनंतरच्या शनिवारी फुटबॉलचा सामना होत असे. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. पहिल्या सामन्यात आमच्यावर गोल केला तो रतन सुक्या वरठा याने. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि अनवाणी खेळत होता. पुढे तोच त्यांचा प्रशिक्षक झाला, आणि मग दरवर्षी मैदानाच्या एका कडेला तो आणि दुसऱ्या कडेला मी.

त्या दिवशी उधव्याहून टेम्पो भरून माणसे यायची. म्हाताऱ्या बाया पुढे बसायच्या, तारपा वाजायचा. आमच्या वाड्यांमधून त्या दिवशी चिकू उतरवायला माणूस मिळत नसे. त्यांची पोरे आम्हाला ‘चिकू’ म्हणायची. आमचा खेळाडू पडला की सगळे मैदान ओरडायचे, ‘पिकला, पिकला!’ जो हरेल त्याने दुसऱ्याला जेवू घालायचे. आम्ही हरलो की सुक्या बोंबलाचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या, ते हरले की गावठी कोंबडी आणि नाचणीची भाकरी. एकदा एका आजारी म्हाताऱ्याला बाजेसकट मैदानावर आणलेले मी पाहिले आहे. ज्यांचे कोणी कधी महाविद्यालयात गेले नाही, तीही माणसे यायची. सामना त्यांचा होता, आम्ही फक्त खेळवत होतो.

करोनाची दोन वर्षे सोडली तर एकतीस सामने झाले. सोळा त्यांनी जिंकले, बारा आम्ही, तीन बरोबरीत. शेवटचे चार ओळीने त्यांनी जिंकले. हा शेवटचा आकडा पुढच्या कलमासाठी लक्षात ठेवावा.

४. जून २०२३ मध्ये आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल मंडळाने गटांची फेररचना काढली. आमचा जुना उत्तर गट मोडून रेल्वेच्या बाजूच्या महाविद्यालयांचा एक ‘किनारा गट’ वसईपर्यंत होणार होता, आणि उरलेल्यांचा ‘डोंगर गट’. किनारा गटाला गवताची मैदाने आणि मोबाईलवर थेट प्रक्षेपण. आम्हाला दोन्हीकडे जागा होती. आम्ही राहिलो तर उत्तर गट टिकणार होता. आम्ही गेलो तर उधव्यासोबत तीनच महाविद्यालये उरत होती, आणि गटाबाहेर खेळायला मंडळाची परवानगी नसल्याने आमचा सामना बंद होणार होता.

आमच्या क्रीडा समितीत सात जण. बैठकीच्या आदल्या दिवशी रतन माझ्या घरी आला होता. भारतीने चहा केला. मी त्याला शब्द दिला की माझे मत सामन्याच्या बाजूने पडेल. दुसऱ्या दिवशी बंद खोलीत किनारा गटात जाण्यासाठी तीन हात वर झाले, तीन खाली राहिले, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हात वर केला.

का केला ते लिहितो. मंडळाने मला किनारा गटाचा मुख्य मार्गदर्शक करण्याचे कबूल केले होते, हे एक. पण तेवढ्यासाठी मी तो केला नसता. मला रतनकडून पुन्हा हरायचे नव्हते. चार वर्षे मी त्याला भाकऱ्या वाढल्या होत्या. माझी पोरे त्याच्या पोरांपुढे दमत होती, आणि मी म्हातारा होत चाललो होतो. सामनाच राहिला नाही तर हरणेही राहणार नाही, असा विचार मी त्या खुर्चीत बसून केला. ~~मुलांचे भले होईल असेही मला वाटले होते.~~

ठरावात कोणी कुठे मत दिले ते लिहिलेले नाही. संध्याकाळी रतनला मीच फोन केला. सांगितले, “मी विरोधात होतो, रतन. चार-तीनने गेलं.” तो उलट मलाच समजावू लागला की मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तरी उभे राहिलात.

५. जानेवारी २०२४ मध्ये, जो शनिवार सामन्याचा असायचा, त्या दिवशी उधव्याच्या लोकांनी मला बोलावले. सामना नव्हता तरी चार-पाचशे माणसे मैदानावर जमली होती. मी भारतीला चल म्हटले. तिला खरे माहीत होते. बैठकीवरून आल्यावर मी तिलाच सांगितले होते. ती म्हणाली, “मी नाही येणार. माझ्याच्याने तिथे बसवणार नाही.” मी एकटा गेलो.

तिथे रतनने माईकवर सांगितले की डहाणूच्या बाजूचा हा माणूस आपल्यासाठी उभा राहिला. मला शाल घातली, नारळ दिला. मी हात जोडले आणि दोन शब्दही बोललो. काय बोललो ते इथे लिहायला मला लाज वाटते. परत येताना बसमध्ये ती शाल मी पिशवीत कोंबली आणि घरी कपाटाच्या तळाशी ठेवली. भारतीने ती कपाटात पाहिली. पुढच्या पावसाळ्यात भारती गेली. शेवटच्या दिवसांत एकदाच तिने विचारले की रतनला सांगितलेत का. मी नाही म्हटले. तिने भिंतीकडे तोंड केले.

६. या फेररचनेने आमचे काय झाले तेही नोंदवून ठेवतो, म्हणजे कोणी असे समजू नये की एकाचे नुकसान झाले तर दुसऱ्याचा फायदा झाला. किनारा गटात आमचा संघ पहिल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. आमच्या मैदानावर वसईकडचा संघ आला तेव्हा बघायला मोजून चौदा माणसे होती, त्यांत दोन मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे. प्रक्षेपण पाहायला आमच्या गावात कोणी थांबले नाही. कोणाविरुद्ध ओरडायचे तेच लोकांना कळत नव्हते.

डोंगर गट दीड वर्षात बंद पडला. उधव्याचा संघ २०२५ मध्ये मोडला.

मिथुन दुमाडा हा उधव्याच्या संघातला मुलगा. डाव्या पायाचा त्याच्यासारखा खेळाडू मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. २०२३ च्या शेवटच्या सामन्यात त्याने आमच्यावर दोन गोल केले. गर्दीचे नाव ऐकून मुंबईहून एक निवड करणारे गृहस्थ त्या सामन्याला दरवर्षी येत. ते मला म्हणाले होते की पुढच्या वर्षी याला चाचणीला नेतो. पुढच्या वर्षी सामना नव्हता, ते आले नाहीत. मिथुन आता उंबरगावच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. गेल्या दिवाळीत तलासरी नाक्यावर तो भेटला आणि रस्त्यातच माझ्या पाया पडला. म्हणाला, “सर, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत.” मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला परत घेता आला असता तर घेतला असता.

७. म्हणून: आशागडच्या तळ्याशेजारची माझी सपाट, भात न पिकणारी वरकस जमीन रुचिका आणि ~~रतन सुक्या वरठा~~ मिथुन दुमाडा या दोघांच्या नावे एकत्र करावी. तिथे घर, गोदाम, लग्नाचा हॉल काही बांधू नये. ती खेळायला मोकळी राहावी. दोन्ही तालुक्यांतल्या कोणत्याही मुलामुलींना, कोणत्याही गटाच्या परवानगीशिवाय. धनेशला ही जमीन हवी होती हे मला माहीत आहे. त्याने मला कारण विचारले होते तेव्हा मी गप्प बसलो. कारण वर लिहिले आहे.

माझ्याकडचे चेंडू, दोन जाळ्या आणि खेळाच्या वह्या मिथुनच्या. त्याला नको असतील तर रुचिकाने आग्रह करू नये.

८. उधव्याची शाल रुचिकाने तिथल्या लोकांना परत करावी. त्याच वेळी कलम तीन ते सात त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावीत. मी जिवंत राहिलो तर हे वाचायचे काम माझे. वापीहून परत आल्यावर एका महिन्यात मी ते केले नाही, तर रुचिकाने माझ्या मरणाची वाट पाहू नये.

९. महाविद्यालयाने माझ्या नावाने चषक, कमान वा शोकसभा करू नये.

१०. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी रुचिकाला नेमतो.

सही करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घडली ती नोंदवतो, कारण वर दोन ठिकाणी खोडलेले दिसेल.

साक्षीदार म्हणून डॉ. भावेश आणि रतन यांना मी आज दुपारी बोलावले. दक्षाताईंनी समजावले की साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायची, मजकूर वाचायची गरज नाही. कागद दुमडून दिला तरी चालतो. मी न दुमडता रतनच्या हातात दिला आणि ओटीवर जाऊन बसलो. त्याला वाचायला पाऊण तास लागला. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिले.

तो बाहेर आला तेव्हा त्याने आधी जमिनीचे विचारले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर ते मिळणे रद्द होते, हे दक्षाताईंनी त्याला सांगितले. तो म्हणाला, “मग माझं नाव काढा. मिथुनचं घाला. मला साक्षीदार राहू द्या.”

मी विचारले, का.

“उधव्यात हे वाचलं तर कोणी मानणार नाही, नविनभाई. म्हणतील सर आजारी होते, औषधांच्या गुंगीत काहीतरी लिहून गेले. खाली माझी सही दिसली तर मानतील.”

मग त्याने चौथे कलम पुढे केले आणि एका ओळीवर बोट ठेवले. “हे खोडा. हे तुम्हाला तेव्हा वाटलं नव्हतं.”

मी ती ओळ खोडली. तो बसला नाही. चहा विचारला, तो नको म्हणाला. मी त्याच्याकडे फार वेळ पाहू शकलो नाही.

दोन्ही खाडाखोडींशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. बाकी कागद जसा लिहिला तसा आहे. तो वाचून, समजून, दोघांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करत आहे.

ठिकाण: आशागड, तालुका डहाणू
दिनांक: १० मार्च २०२६

(सही) नविन चिमण सावे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. भावेश, डहाणू. सही माझ्यासमोर झाली. लिहून देणारे शुद्धीवर आहेत.

२. (सही) रतन सुक्या वरठा, उधवा, तालुका तलासरी. सही माझ्यासमोर झाली. मी सगळे वाचले आहे. यात लिहिले आहे ते खरे आहे असे मी मानतो. यात माफी मागितलेली नाही, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही.