मावशींना घरी आणायचंय

श्यामला,

तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. धरणातून पाणी सोडलंय. नदीकाठच्या तुळजामावशींच्या छपरावर चिंचेची फांदी कललीय, ती छाटायला चाललोय. झाडावर माझा जोडीदार गेनबा चढेल, मी खालून दोर धरीन. तुला दिलेला शब्द मोडत नाही.

काल मावशी घर सोडायला तयारच नव्हत्या. "बुडाले तर घरासंगं बुडंन," म्हणाल्या. शेवटी मी म्हटलं, "श्यामलाचे दिवस भरत आलेत, घरात एकटी घाबरते." तशा उठल्याच. "मग आधी का न्हाई सांगितलंस? उद्याच येते की."

काम उरकलं की त्यांना घेऊनच येतो. त्यांच्यासमोर जरा घाबरल्यासारखं कर. हसू आलं तर माझ्याकडे बघ. मी खरंच घाबरलोय.

मच्छिंद्र