घरात कोणी आणलं

११ जानेवारी
“माह्या पोराले हिनंच लावलं!” — वैभवदादाच्या तेराव्याला आई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली होती. दादा एचआयव्हीनं गेला. दामिनीवहिनीचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला. संध्याकाळी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. बावीस वर्षं झाली.
आज आठवलं, कारण एचआयव्हीवर लिहायला घेतलेल्या माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण — हा विषाणू आला कुठून? कॅमेरूनच्या जंगलातल्या चिंपांझींकडून माणसात, शंभरेक वर्षांपूर्वी, बहुधा शिकारीच्या रक्तातून. मग काँगोतलं किन्शासा शहर, मग जग. इतकं लांबचं कळतं!

१४ जानेवारी
लिहिणं नाही. आईचे गुडघे. तिळगूळ विकतचा.

१९ जानेवारी
प्रकरण तपासून घ्यायला सदर भागात एचआयव्हीवर काम करणाऱ्या डॉक्टर रितिकांकडे नेलं. विषाणू प्रत्येक शरीरात बदलत राहतो, एकाच माणसात त्याची असंख्य रूपं. आपल्याकडे बहुतेक ‘सी’ उपप्रकार. या बदलांवरूनच त्याची वंशावळ मांडतात.
शेवटी विचारलंच — नवरा-बायकोत कोणाकडून कोणाला, हे कळेल?
“दोघांचे विषाणू जवळचे आहेत, एवढं सांगता येतं. आधी कोणाला, हे खात्रीनं नाही. आणि नवऱ्याचं रक्त आहे कुठे?”
कुठे असणार! रक्षासुद्धा अंभोऱ्याला नदीत सोडली.
आईपुढे छापील पुरावा ठेवायचा होता मला. वहिनीला या घरात परत आणायचं होतं. शंभर वर्षांमागचं जंगल सापडतं, आमच्या घरातलं एक वर्ष सापडत नाही.

२५ जानेवारी
जरीपटक्याला वहिनीकडे. साडीला फॉल लावत होती. गोळ्या चुकवत नाही, तब्येत माझ्याहून बरी! चिंपांझीचं सांगितलं तर खळखळून हसली — “बरं झालं वं रीना, माह्यावरचा आळ माकडावर गेला!”
मग पुराव्याचं सांगितलं. हसणं थांबलं.
“काहून शोधून राहिली तू? मले विचारलं का कोणी?”
मनीषनगरला घरी आले. आईनं विचारलं, कुठं गेली होती वं? सदरला, म्हटलं.

२६ जानेवारी
निघताना वहिनी जे बोलली, ते काल लिहवलं नाही.
“त्याले लग्नाआधीच माहीत होतं. शेवटी शेवटी पाया पडला माह्या. म्हणे, आईले नको सांगू, तिच्यासाठी मले चांगलाच राहू दे. मरणाऱ्याले नाही कसं म्हणू?”
आता फोन लावते. एवढंच मागणार आहे — वहिनी, आईला सांगू दे मला. नाहीच म्हणेल ती.