सतरंजीतल्या अक्षता

अनसिंग. सोमवार, वैशाख, १९५६. दिवेलागण.

समाजमंदिराच्या सतरंज्या आज परत आल्या. नामदेवच्या मुलीच्या लग्नासाठी मीच त्या झाडून दिल्या होत्या. लग्नाला मात्र गेलो नाही. घरी आमंत्रणाची अक्षतच आली नाही, तर कोणत्या तोंडाने जाणार? आठ दिवस तेच डोक्यात.

आज नामदेवला विचारलंच. म्हणाला, "दोन खेपा आलो भाऊ, दोनी खेपा घराले कुलूप. अक्षत कोनाच्या हातात देऊ?"

"मी समाजमंदिरात होतो. तुले माहीत होतं."

"तिथं कशी देऊ? अक्षत घरीच देतात."

खोटं नाही बोलला. ही वारली तेव्हापासून माझं घर म्हणजे ते कुलूप. झाडलोट, कंदील, लोकांना पेपर वाचून दाखवणं, माझा सगळा दिवस समाजमंदिरात जातो. सतरंजी मागायला सारा गाव तिथेच येतो. मग रागवायचं तरी कुणावर?

तो गेल्यावर मोठी सतरंजी झटकली. घडीतून पिवळी ज्वारी सांडली. लग्नातल्या अक्षता. खाली बसून दाणा दाणा वेचला, मुठीत धरून घरी आलो, कुलूप काढलं.

आता कुणाच्या हातात देऊ?