ओहोटीचा तास

बाई, काल अलिबागला बैठक होती. शाळांमधल्या खेळाच्या तासाचा नवा अभ्यासक्रम येतोय, त्याच्या मसुद्यासाठी शिक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं. पहिल्याच पानावर लिहिलंय, शाळा सुटली तरी शरीराचं शिक्षण सुटू नये, ते जन्मभर चालावं. वाचून तुमची इतकी आठवण आली! पुढे मात्र एक ओळ आहे: मैदान नसेल तर हा तास वर्गात पुस्तकावर घ्यावा. म्हणजे आपल्या शाळेतल्या पोरी बाकांवर बसून लंगडीचे नियम पाठ करणार.

आपल्याला मैदान होतं कधी? तिथीची पाऊणपट करून तुम्ही भरतीची वेळ काढायचात, त्यावरून ओहोटीची. अष्टमीला आमचा तास भर दुपारी, द्वादशीला तीनच्या सुमारास. गणिताचे गुरुजी कुरकुरत तास बदलून द्यायचे. पाणी हटलं की पुळणीच्या ओल्या वाळूवर तुम्ही पदर खोचून उभ्या. पन्नाशीच्या बाई लंगडी घालताहेत आणि आम्ही किंचाळत पळतोय.

बैठकीत मसुदा लिहिणाऱ्या साहेबांना हे सांगितलं तर ते हसले. "मॅडम, रोज बुडणारं मैदान कागदावर कसं दाखवू? आणि शाळा सुटल्यावर कोण खेळतं हो?" मी मसुद्याची फाइल पिशवीत टाकली आणि एसटी धरली.

संध्याकाळी अमावास्येची ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं. एरवी मी शाळेतून थेट घर गाठते. काल एसटीतून उतरून किनाऱ्याने आले. पुळणीवर तेव्हा माझ्याच वर्गात शिकलेल्या बायका लंगडी खेळत होत्या. काही आज्या झालेल्या. एकीचा गुडघा बदललाय, ती भांडणं सोडवायला.

"काय गो, बगतेस काय? ये की आत!"

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि तुमचा तास अजून चालूच आहे. मी चपला काढल्या. तेव्हा वाटायचं, तुम्ही आमच्यासाठी खेळता. काल तुमच्या त्या वयाची होऊन, दम लागून हसताना कळलं, तुम्हालाच खेळायचं असायचं.

आज साहेबांना फोन केला, उद्या संध्याकाळी या नि बघा. येतो म्हणाले. ती ओळ राहते की जाते, ते आता उद्यावर. हे पान पाठवणार तरी कुठे? मसुद्याच्या फाइलीतच राहील. तुम्हाला म्हणून सांगते, साहेबांना समजवायला मी काठावर नसेन. काल काळोख पडून खेळ थांबला, तेव्हा राज्य माझ्यावर होतं.