टाळ्यांनी मंजूर

प्रिय भिंत,

रागावू नकोस, तुला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. तुझ्या अकादमीतल्या मुली तुला मॅडम म्हणतात म्हणे. म्हणू देत बापड्या! गोलपोस्टमध्ये चिखलानं माखून बचावफळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी तू त्यांनी कुठे पाहिलीय?

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. लेक शाळेच्या संघात डाव्या बाजूला खेळते आणि बापासारखीच कुणाला चेंडू म्हणून देत नाही. नवरा म्हणतो, मी हल्ली झोपेतही फुटबॉल महासंघाची घटना बडबडते. खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून मला कार्यकारिणीवर घेतलं, तेव्हा अध्यक्षांना वाटलं असेल की फोटोत एक बाई दिसेल आणि चहा पिऊन घरी जाईल. चहा मी पितेच गं, पण प्रश्नही विचारते. त्याचं त्यांना पित्त होतं.

मागच्या महिन्यात बसनं तुझ्या मैदानावरून गेले. उतरले नाही, पण खिडकीतून मान वाकडी करकरून पाहिलं. कुंपणालगत कृत्रिम गवताच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या आणि तुझ्या दोन मुली वाकून त्यावर हात फिरवत होत्या. डोळे भरून आले माझे, खरंच सांगते. किती वर्षं खडे वेचलेस तू त्या मैदानातले! अध्यक्षांनी दिलेला शब्द पाळला, असं सगळे म्हणताहेत. गवत अंथरायच्या मंजुरीवर त्यांची सही येत्या रविवारच्या वार्षिक सभेनंतर व्हायची आहे, हेही कानावर आलं.

सभेवरून आठवलं. मागच्या वर्षीची वार्षिक सभा मी जन्मात विसरणार नाही. हॉटेलातला तो गारठलेला हॉल, पाय रुतेल असा गालिचा, आणि खजिनदार चष्मा सावरत हिशोब वाचताहेत. प्रशिक्षकांचे पगार, पंचांचं मानधन, प्रवासखर्च. घसा कोरडा पडला म्हणून बिचारे पान उलटून पाणी प्यायला थांबले. मागच्या रांगेत कुणाला तरी वाटलं, संपलं एकदाचं. टाळी पडली. एकानं वाजवली की सगळ्यांनी वाजवायची, आणि टाळ्या पडल्या की हिशोब मंजूर, ही तर आपल्याकडची जुनीच रीत. खजिनदार तोंडात घोट धरून उभे, गिळवेना आणि बोलवेना. अध्यक्षांनी तेवढ्यात एकमताने मंजूर म्हणून जाहीर करून सगळ्यांना जेवायला उठवलंसुद्धा! मला आधी हसूच फुटलं. मग उठून म्हटलं, अहो, उरलेलं वाचा की. अध्यक्षांनी अगदी गोड आवाजात विचारलं, अनुमोदक कोण? घटनेत तसं आहे ना, मी सूचना मांडू शकते, पण एखाद्या जिल्हा संघटनेच्या प्रतिनिधीनं तिला अनुमोदन द्यायला हवं. हॉलभर बघितलं. कुणी हललं नाही. मी खाली बसले.

न वाचलेली ती पानं मी नंतर वाचली. जागतिक संघटनेनं फक्त महिला फुटबॉलसाठी पाठवलेलं अनुदान सगळंच्या सगळं 'सभा व आतिथ्य' या खात्यात वळवलं होतं. म्हणजे त्या खोल्या, तो गालिचा, ते जेवण. त्या दुपारी आपण सगळ्यांनी मिळून मुलींचं सराव शिबिर खाल्लं, बाई. आणि वर गोडही मागून घेतलं.

यंदा आणखी पुढची पायरी आहे. अंदाजपत्रकात महिला संघाची ओळच नाही. रविवारी पुन्हा टाळ्या पडल्या की पात्रता फेरीतून आपला संघ बाद, एकही सामना न खेळता. आत्ताची कप्तान परवा घरी आली होती. ती एका दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. स्पर्धेसाठी तिनं साहेबांच्या हातापाया पडून रजा मिळवली होती. तिनं मला एवढंच विचारलं, ताई, रजा रद्द करू का? मी तिला ठणकावून सांगितलं, अजिबात करू नकोस. सांगून बसले, आणि मग अनुमोदक शोधायला निघाले. एका जिल्ह्याच्या प्रतिनिधीच्या मेहुण्याकडे जर्सी पुरवायचं कंत्राट आहे. दुसऱ्याला या वयात वाद नको आहेत. तिसऱ्याच्या फोनची रेंज माझा आवाज ऐकला की जाते.

गेल्या वेळी तू, तुझ्या जिल्ह्याची प्रतिनिधी, माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होतीस. मान खाली घालून बिस्किटाच्या कागदाच्या घड्या करत होतीस. मी तुला जाब विचारला नाही आणि विचारणारही नाही. पण तेव्हापासून आपण फोनवर फक्त गुडघ्यांबद्दल बोलतोय. मला त्याचा फार कंटाळा आलाय गं.

तेव्हा आता आडपडदा ठेवत नाही. रविवारी मी पुन्हा उभी राहणार आहे. हिशोब आणि अंदाजपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मग हात मोजा, एवढीच माझी सूचना. अध्यक्ष पुन्हा विचारतील, अनुमोदक कोण. तेव्हा तू हात वर करावास म्हणून हे पत्र. फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस आणि मीही नेऊ दिलं असतं. हात वर केलास तर सही होणार नाही, गवत दुसऱ्या कुणाच्या तरी जिल्ह्यात जाईल आणि तुझ्या मुली मातीतच पडत राहतील, हे मला कळतं. मला नुसतं अनुमोदन मागायचं असतं तर सोपं होतं. मी तुझ्याकडे तुझं मैदान मागतेय, आणि हे पुरतं कळूनच मागतेय.

रविवारी तुझ्या शेजारची खुर्ची धरून बसणारी,
तुझीच,
नऊ नंबर