शेजारच्या सीटचा ब्रेक

२६ ऑक्टोबर, रविवार

काल मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. फराळ ठीक. चकली मऊ.

स्टेजच्या मागे नचिकेतचा बॅनर. गणपतीच्या फोटोपेक्षा मोठा. ‘होम लोनसाठी आपला हक्काचा माणूस.’ हसताना सगळे दात दाखवलेत, दाढांसकट. या हक्काच्या माणसाला गाडी मी शिकवली. इथे सिडनीत, गिरावीनच्या राउंडअबाउटवर रडकुंडीला आला होता, तेव्हा मीच म्हणालो होतो, निर्धास्त चालव, ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तीनदा टेस्ट नापास झाला. चौथ्यांदा पास झाला तर पेढे मी नेले.

आता साहेब मॉर्गेज ब्रोकर. लोकांना बँकांकडून घराचं कर्ज मिळवून देतात.

चहाच्या रांगेत तो माझ्या पुढे, मधे तीन माणसं. माझे कान तयार आहेत. लर्नरने क्लचवरून पाय उचलायच्या आधी मला कळतं, हा घाबरलाय. कुणीतरी त्याला म्हणालं, अरे, दत्ताकाकांच्या एवढ्या ओळखी, त्यांना का नाही ब्रोकर करत? हा म्हणाला, काकांना एलव्हीआर विचारा, गाडीचं नवीन मॉडेल समजतील.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं ते लिहीत नाही. तिच्याबरोबर मला एका घरात राहायचंय.

घरी येऊन एलव्हीआर शोधलं. गाडीचं मॉडेल नाही. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज, त्याला म्हणतात.

ठरलं. सूड.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मी स्वतः ब्रोकर होणार. सर्टिफिकेट फोर, ऑनलाइन कोर्स. या देशात आलो तेव्हा टायरच्या दुकानात हवा भरत होतो. आज माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, छपरावर पिवळी पाटी असलेल्या दोन गाड्या आहेत. जे करायचं ठरवलं ते केलंय.

योजना अशी. गाडी शिकायला येतो तो पुढे घर घेतो. गाडी सुरू करायच्या आधी लोक माझ्या शेजारी बसून नवऱ्याशी, बायकोशी फोनवर सगळं बोलतात. इन्स्ट्रक्टर म्हणजे त्यांना सीट कव्हर वाटतं. म्हणजे नचिकेतचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पोचायच्या आधी माझ्याकडे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला स्टेजमागे माझा बॅनर.

कोर्सची वेलकम ईमेल आली. फार लांबलचक. शेवटच्या पानावर मेंटर वगैरे काहीतरी आहे. नंतर वाचू. दुसऱ्यांना शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला कसला मेंटर.

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पहाटे उठून अभ्यास. दोन तास. कडक.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मेलबर्न कप, घोड्यांची शर्यत. अभ्यास नाही. ज्या देशात राहतो त्याचा मान ठेवावा.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल घोड्याने दगा दिला. मन लागत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं मॉड्यूल वाचलं. निम्मं. ब्रोकरने गिऱ्हाइकाचं हित आधी बघायचं, स्वतःचं नंतर. कायदाच आहे. सुडाबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. म्हणजे चालतं.

चिन्मयी युनिव्हर्सिटीतून आली. तिला म्हटलं, माझे प्रश्न घे. म्हणाली, डॅड, आय हॅव माय ओन एक्झाम्स. मी म्हटलं, माझीही आहे. म्हणाली, यू आर डूइंग इट आउट ऑफ स्पाइट. हिला गाडी फुकट शिकवली होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चारुता नावाची नवीन विद्यार्थिनी. पुण्याची, आयटीतली. गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याशी स्पीकरवर बोलली. कॅसल हिलला घर बघतायत. शाळा जवळ, मेट्रो जवळ. उद्या नचिकेतला भेटणार आहेत.

उद्या. मी कामाला लागलो. ती रिव्हर्स पार्किंग करत होती, मी फिक्स्ड आणि व्हेरिएबल रेटमधला फरक समजावत होतो. छान समजला तिला. कुणाचा तरी लाल झाकणाचा कचऱ्याचा बिन आडवा झाला. घराचा मालक बाहेर येऊन ‘नो वरीज, मेट’ म्हणाला. चेहऱ्यावर मात्र भरपूर वरीज होत्या.

१४ डिसेंबर, रविवार

चारुता टेस्टमध्ये नापास. म्हणाली, काका, तुम्ही शिकवलेलं सगळं आठवत होतं, पण सगळं व्याजाचंच आठवलं. खांद्यावरून मागे बघायचं तेवढं राहिलं.

आणि नचिकेतला भेटून आले दोघं. म्हणाली, खूप शांत माणूस आहे. हा शांतपणा त्याला कुणी शिकवला?

१० जानेवारी, शनिवार

इथे भर उन्हाळा. घरात एसी असून घाम. लेखी असाइनमेंट पाठवल्या. एका प्रश्नाला मी ‘गिऱ्हाईक खोटं बोलत असेल तर त्याच्या गाडीचे टायर बघा, माणूस कळतो’ असं उत्तर दिलं. माझ्या अनुभवाचं सार आहे हे. शेरा आला, कृपया कागदपत्रांचा उल्लेख करा.

या महिन्यात माझे आणखी दोन विद्यार्थी नापास. यंदा परीक्षक कडक आहेत.

२४ जानेवारी, शनिवार

आज रोल-प्ले. म्हणजे खोट्या गिऱ्हाइकाची खरी मुलाखत घ्यायची आणि परीक्षक झूमवर बघणार. गिऱ्हाईक माझी बायको, सरिता. दुसरं कोणी तयार नव्हतं. तीही म्हणाली, अहो, एकदाच हं.

परीक्षक जुडिथ. मेलबर्नच्या पॉइंट कुकहून. चष्मा, पांढरे केस, इंग्लिश अगदी इथलं, अर्धे शब्द गिळणारं. सरिता प्रत्येक प्रश्नाला विचार करून उत्तर देत होती. वेळ चालला होता. मी हसऱ्या चेहऱ्याने, मान न वळवता, मराठीत तिला म्हणालो, पटापट हो म्हण आणि उरक, या म्हातारीला काय कळतंय.

जुडिथ म्हणाली, म्हातारीला सगळं कळतंय बाबा, माझं माहेर वसईचं आहे.

या जुडिथला मराठी येत असेल असं कुणाला वाटलं असतं? ज्याच्यासमोर लोक वाटेल ते बोलतात तो माणूस आजवर मी होतो.

मग ती सरिताला म्हणाली, बाय, तू घाई करू नकोस, खरं खरं सांग. आणि सरिताने सांगितलं. की आमच्या घराचं लोन मागच्या वर्षी दुसऱ्या बँकेत गेलं. हप्ता कमी झाला. ते नचिकेतने केलं. तो घरी आला, दोन तास बसला, तिला काय हवंय ते विचारलं. असं तिला आधी कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, मला का माहीत नाही. सरिता म्हणाली, सही तुम्हीच केलीत. वाचलं नाहीत. नचिकेत तुम्हाला समजावायला लागला, तर तुम्ही त्याला म्हणालात, आधी गाडी सरळ लाव, एक चाक फुटपाथवर आहे. आणि गेलात.

चाक खरंच फुटपाथवर होतं.

जुडिथ सगळं लिहून घेत होती.

२७ जानेवारी, मंगळवार

निकाल. नापास हा शब्द या लोकांकडे नाहीच. ‘नॉट येट कॉम्पिटंट’ म्हणतात. सरिता म्हणाली, किती नेमकं लिहिलंय. तिने तो कागद फ्रिजवर लावलाय.

पुन्हा एकदा संधी आहे. जुडिथने खाली लिहिलंय, उमेदवार उत्तम ऐकतो, पण समोरच्याचं सोडून सगळ्यांचं.

सूड आता दोघांवर. जुडिथवर नंतर.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा रोल-प्ले. सरिता येणार नव्हती. तिला दोन महिने रोज चहा करून देण्याच्या बोलीवर आणली.

ठरवलं, आज गप्प बसायचं. विचारलं, मॅडम, घराबद्दल तुमच्या मनात काय आहे? आणि तोंड बंद ठेवलं. फार जड गेलं. सरिता म्हणाली, मला एक खोली हवी. छोटी चालेल. जिच्यात तुमचे ते पार्किंगचे शंकू आणि एल-प्लेट नसतील. पेटी काढून वाजवत बसता येईल अशी.

पेटी. लग्नात आणली होती तिने. कुठे आहे विचारलं तर म्हणाली, शंकूंच्या खाली.

मी लिहून घेतलं. सल्ला दिला नाही. जुडिथ स्क्रीनवर हसत होती असं वाटलं. उजेडामुळेही असेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पास.

सर्टिफिकेट प्रिंट करून आणलं. फ्रिजवरचा कागद काढून त्या जागी हे लावलं. सरिताने जुना पुन्हा लावला, याच्या शेजारी. म्हणाली, राहू दे, जोडी आहे.

बॅनरची ऑर्डर दिली. माझा फोटो, स्टिअरिंग धरलेला. ‘घराची चावी, दत्तप्रसादच्या हाती.’ आकार नचिकेतच्यापेक्षा एक फूट जास्त, सगळ्या बाजूंनी.

नचिकेतला मुद्दाम फोन केला नाही. त्याला स्टेजवरूनच कळू दे.

२ मार्च, सोमवार

मंडळाच्या अध्यक्ष इरावती म्हणाल्या, बॅनर लावा की, पण काका, तुमचं नाव कुठल्या कंपनीखाली आहे? मी म्हटलं, मी कुणाखाली नसतो. त्या म्हणाल्या, तसं चालत नाही म्हणे, नचिकेतनेच सांगितलं होतं मागे.

एका ब्रोकरांच्या कंपनीला फोन केला. पोरगी गोड बोलत होती. काँग्रॅच्युलेशन्स, आम्ही तुम्हाला आमच्याखाली घेतो, फक्त मेंटर ठरवू. मी म्हटलं, मेंटर म्हणजे? म्हणाली, नव्या ब्रोकरला पहिली दोन वर्षं अनुभवी ब्रोकरच्या हाताखाली काम करावं लागतं. प्रत्येक फाइल त्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. कोर्सच्या वेलकम ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.

शेवटच्या पानावर. वाचलं आत्ता.

६ मार्च, शुक्रवार

पोरगीचा फोन. खूप छान जुळणी झालीय म्हणाली. तुमच्याच भागातला, मराठी बोलणारा, कम्युनिटीत नाव असलेला. मी नाव विचारलं नाही. तिने सांगितलं.

मी म्हटलं, दुसरं कुणी? म्हणाली, बाकीचे सगळे भरलेत. याने स्वतःहून जागा केलीय, तुमचं नाव ऐकून.

११ मार्च, बुधवार

जाणार नाही. ड्रायव्हिंग स्कूल बरं. निर्णय पक्का.

१२ मार्च, गुरुवार

चारुता दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे गेली. पास झाली.

तरी जाणार नाही.

१८ मार्च, बुधवार

सरिताने विचारलं, मग माझ्या खोलीचं काय? मी म्हटलं, ते रोल-प्लेमध्ये होतं. आज चहा तिने तिचा स्वतःच केला.

पोरगीला फोन केला. येतो म्हणालो.

२१ मार्च, शनिवार

पाडव्याचा कार्यक्रम. श्रीखंड चांगलं.

स्टेजमागे एकच बॅनर. नचिकेतचे दात तसेच. खाली उजव्या कोपऱ्यात माझा फोटो, पासपोर्टला लावतात तेवढा. ‘दत्तप्रसाद, ट्रेनी.’ माझा मोठा बॅनर गॅरेजमध्ये शंकूंवर टाकलाय. धूळ बसत नाही त्यांच्यावर.

चहाच्या रांगेत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, काका, सोमवारी सकाळी या. पहिली फाइल काकूंच्या खोलीच्या लोनची. घरातली असली तरी सगळी पानं वाचायची.

मी म्हटलं, मला दोन खेपा लागल्या पास व्हायला, तुला कळलं असेलच. म्हणाला, मला चार लागल्या होत्या.

मग जवळ वाकून, हळूच, म्हणजे फक्त मला ऐकू जाईल इतकं, म्हणाला, निर्धास्त चालवा काका. ब्रेक माझ्या पायाखाली आहे.

दोन वर्षं. बघतोच त्याला.

पेढे आणले होते त्याने. मी दोन घेतले.