झावादांचा मूळपुरुष

६ जानेवारी

तीन राजांचा सण. दारावर खडूने अक्षरं लिहिली, आत आलो, ही वही उघडली. यंदाचा संकल्प : नाताळच्या आत झावादा घराण्याची वंशावळ ग्रुनवाल्डच्या लढाईपर्यंत, म्हणजे सन १४१० पर्यंत मागे नेणे. कुलचिन्हासकट. मी एकतीस वर्षं आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा तपासल्या आहेत. तारखांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही.

लुत्सीना म्हणाली, झावादा म्हणजे अडथळा. तो शोधायला दप्तरखान्यात कशाला जातोस, आरशात बघ. तिला इतिहासाची दृष्टी नाही. सदतीस वर्षं संसार केला, तरी नाही.

कारणही लिहून ठेवतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लेक कालिना व्रोत्सवाफहून आली आणि बिटाचं सूप वाढत असतानाच म्हणाली, जूनमध्ये बाळ होणार. ओल्गेर्दशी लग्न मात्र इतक्यात नाही. वर म्हणे, बाबा, बाळाला आपलंच आडनाव लावावं म्हणते. तुमच्यामागे दुसरं कोण आहे?

मी तेव्हा सूप संपवलं. काल पत्र टाकलं. दोन पानं, सुवाच्य अक्षरात. सारांश : लग्नाशिवाय झालेल्या मुलाला झावादा हे नाव लावायचं नाही. सहाशे वर्षांत या घराण्यात असं कधी घडलेलं नाही.

(पुरावा गोळा करणं चालू आहे.)

२० जानेवारी

पत्राला उत्तर नाही. म्हणजे लागू पडलं.

१२ फेब्रुवारी

दप्तरखान्यात पहिला दिवस. आजोबांची जन्मनोंद सापडली, पण रशियनमध्ये. तेव्हा पोलंडच्या आमच्या भागात झारचं राज्य. शाळेत मी रशियन शिकलो नाही ते देशभक्तीपोटी. (गुणही पडत नसत, पण ते नंतरचं.) लुत्सीनाचं रशियन पहिल्या नंबरचं. बटाटे सोलता सोलता तिने वाचून दाखवलं : बाप तोमाश झावादा, शेतमजूर.

शेतमजूर! झारविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर कितीतरी सरदार वेष पालटून राहिले होते. पणजोबा त्यातलेच. लुत्सीना म्हणाली, वेष फारच छान जमला होता म्हणायचं, पुढे तीन पिढ्या उतरवता आला नाही.

२८ फेब्रुवारी

लठ्ठ गुरुवार, उपासाच्या चाळीस दिवसांआधीची मेजवानी. गुलाबाच्या मुरंब्याचे तळलेले गोळे अकरा. उद्यापासून रोज पहाटे सहाला उठून वंशावळ.

१ मार्च

साडेदहाला उठलो. पोट.

७ एप्रिल

क्राकूफच्या एका गृहस्थांनी टपालाने आमचं कुलचिन्ह पाठवलं. निळी ढाल, तिच्यावर अडसर, अडसरावर बगळा. माझं संशोधन पुरं व्हायच्या आधीच त्यांना ते कळलं, याला म्हणतात अनुभव. टीव्हीच्या वर टांगलं.

शेजारचा ग्रात्सियान बघायला आला. म्हणाला, सेवेरिनराव, बदक झकास आलंय. तुमच्या आजोबांची बदकं आमच्या आजीने पुष्कळ हाकललीत. ढाल काही कधी दिसली नाही तिला.

मत्सर.

१४ जून

मुलगा झाला. दोघं सुखरूप. कालिनाचा फोन लुत्सीनाने मोठ्या आवाजावर ठेवला होता, मुद्दाम. कालिना म्हणाली, बाबांना म्हणावं, या.

जाणारच होतो. पण आमच्या मूळ गावच्या पाद्रीबुवांनी चर्चमधल्या जुन्या वह्या बघायला नेमका उद्याचाच दिवस दिलाय. आणि नुसतं हात हलवत जाण्यापेक्षा पुरी वंशावळ घेऊन गेलेलं बरं. लुत्सीना एकटी निघाली, कोंबडीच्या सुपाच्या सहा बरण्या घेऊन. दारात म्हणाली, मेलेले कुठे पळून जात नाहीत, सेवेरिन.

हे अशास्त्रीय आहे. कागदाला बुरशी लागते.

१५ जून

पाद्रीबुवा ऐनवेळी दफनविधीला गेले. त्यांच्या घरकामाच्या बाईंनी केक दिला. बरा होता.

३ जुलै

लुत्सीना परत आली ती बोलतच आली. बाळाचं नाव सांगायला लागली, तेव्हा मी रेडिओ मोठा केला. तत्त्व म्हणजे तत्त्व. तरी शेवट ऐकू आला : आडनाव ओल्गेर्दचं लावलं. तू पत्र लिहिलंस ना, म्हणाली, तिने ऐकलं तुझं.

मुलगी आज्ञाधारक आहे, हे मी नेहमीच म्हणत आलोय.

फ्रिजवर फोटो लावलाय. पुराव्यापुरता पाहिला. कान आमचे आहेत.

४ जुलै

पुन्हा पुराव्यापुरता पाहिला.

१९ सप्टेंबर

पणजोबा तोमाश पक्के झाले, जन्म १८६६. त्यांचे वडील युझेफ. म्हणजे माझे खापरपणजोबा. त्यांच्या जन्माची नोंद कुठेच लागत नाही. एवढा मोठा माणूस, जन्म दुसरीकडे कुठे तरी झाला असणार. वाड्यात वगैरे.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. अख्खं शहर दिवे आणि शेवंती घेऊन दफनभूमीत. मी भिंतीकडच्या जुन्या रांगेत शेवाळ खरवडून नावं उतरवत होतो. तीन झावादा सापडले! (दोन दुसऱ्याच घराण्यातले निघाले. तिसऱ्याची तारीख अर्धी.)

आईच्या कबरीपाशी आलो तर लुत्सीना एकटीच. म्हणाली, कालिना आली होती, बाळाला घेऊन. चाळीस मिनिटं थांबली. मग बाळाचे हात गार पडले, गेली.

मला कोणी हाक तरी मारायची, म्हणालो.

मारली की, म्हणाली. तीनदा. तू हात वर केलास आणि म्हणालास, थांब, तारीख लागतेय.

कबरीवर चार दिवे होते. आम्ही घरून तीनच नेले होते.

१२ डिसेंबर

युझेफ सापडले. जन्म १८४१, नोंद पोलिशमध्ये. लुत्सीनाची गरज पडली नाही. जशीच्या तशी उतरवतो :

'दुपारी तीन वाजता. हजर झाला वालेंटी झावादा, शेतमजूर, वय बावन्न. त्याने आम्हाला एक मुलगा दाखवला आणि सांगितले की हा त्याची अविवाहित मुलगी रोझालिया, वय वीस, हिला काल पहाटे झाला. बाप अज्ञात. मुलाचे नाव युझेफ ठेवले. सोबत सुईण आग्नेश्का दूदा, वय साठ. हजर असलेल्यांपैकी कोणालाच लिहिता येत नाही, म्हणून सही फक्त आमची.'

कारकुनाची चूक असणार.

नाही. तीनदा वाचलं.

तारीख फेब्रुवारीची आहे, भर बर्फातली. त्यांच्या वस्तीपासून चर्च नऊ किलोमीटर. नकाशावर मोजलं.

लुत्सीनाला सांगितलं नाही. जेवताना तिनेच विचारलं, काय रे, सरदार सापडला का? हो म्हणालो.

१३ डिसेंबर

कुलचिन्ह उतरवलं. भिंतीला रंग द्यायचा म्हणून.

२४ डिसेंबर, संध्याकाळी सहा

लुत्सीना सकाळच्या गाडीने व्रोत्सवाफला गेली. चल म्हणाली. मी म्हणालो, सणासाठी टबात जिवंत ठेवलेल्या कार्प माशाकडे बघायला घरी कोणीतरी हवं. तिने कार्प बरोबर नेला.

टेबलावर दोन थाळ्या मांडल्या. एक माझी, एक रिवाजाप्रमाणे अवचित येणाऱ्या पाहुण्याची.

पाच वाजता कालिनाला फोन लावला. तिने उचलला. मागे बाळाचा आवाज येत होता, चमचा आपटल्यासारखा. मी सगळं कागदावर मुद्देसूद काढून ठेवलं होतं. म्हणालो, मी चौकशी केली आहे, कायद्याने आडनाव बदलता येतं, आणि आता माझी काही हरकत नाही.

तिने चमचा काढून घेतला असावा, आपटणं थांबलं. मग म्हणाली, बाबा, तो सहा महिन्यांचा झाला. तुम्ही त्याच्या आडनावाचं बोलताय. नाव अजून विचारलं नाहीत.

विचारणारच होतो. मुद्दा तिसरा होता.

ती म्हणाली, सूप गार होतंय, ठेवते हं.

संध्याकाळी सात

वंशावळ भिंतीवर लावली. ग्रुनवाल्ड राहिलं, पण १८४१ पर्यंत एकही चौकट सुटलेली नाही. सुईणीचंसुद्धा नाव आहे, वयासकट. फक्त सगळ्यात खालची एक रिकामी आहे. पेन्सिल टोकदार करून ठेवली.

वालेंटीला लिहिता येत नव्हतं, तो नातवाला घेऊन चर्चपर्यंत गेला. मला येतं. दोन पानं, सुवाच्य अक्षरात.